संपलेल्या ॲनिमेचा पुढचा भाग काढावा का?

चिंचोका
'कोड गियास' ह्या ॲनिमेचे (जपानी कार्टून मालिकेचे) दोन्ही सीझन काल रात्री संपले. आधीच सांगतो, ह्या धाग्यात बऱ्याच मालिकांचे शेवट फुटणार आहेत. पाहायच्या राहिल्या असतील तर इथूनच मागे फिरा, नंतर विपूत (माझ्या विचारपुशीत) येऊन शिव्या घालू नका.

तर शेवट असा. लेलूश सम्राट होतो, अख्ख्या जगाचा राग मुद्दाम स्वतःवर ओढून घेतो आणि झीरोचा (म्हणजे आजवर त्याच्याच बंडखोर सोंगाचा) मुखवटा घातलेल्या मित्राच्या, सुझाकूच्या, तलवारीने मरतो. दोघांनी आधी ठरवून. मध्ये मालिका कितीही भरकटली असली (शाळेतला तो अगडबंब पिझ्झा, मांजरामागची धावाधाव) तरी ह्या शेवटासाठी सगळं माफ.

आणि आज कळलं की २०१९ मध्ये 'लेलूश ऑफ द रिसरेक्शन' नावाचा सिनेमा येऊन गेलाय आणि त्यात हा बाबा जिवंत आहे! डोक्यात तिडीक गेली. जिवंतच करायचा होता तर मारला कशाला? माझं मत साधं आहे. गोष्ट संपली की हात लावू नये. तुम्हाला काय वाटतं? आणि तो सिनेमा पाहू की नको?

निशाचर
नको.

आंबट_गोड
पाहा की. नाही आवडला तर तो झालाच नाही असं समजायचं. ड्रॅगन बॉल जीटीच्या बाबतीत मी कित्येक वर्षं हेच करतेय, काही बिघडलेलं नाही.

गवती_चहा
चिंचोका, एक बारीक खुलासा. २०१९ चा सिनेमा टीव्ही मालिकेच्या पुढचा नाहीच. २०१७-१८ मध्ये मालिकेची काटछाट करून तीन सिनेमे काढले होते आणि त्यांत काही घटना बदलल्या. मालिकेत मरणारी लेलूशची वर्गमैत्रीण शर्ली तिथे मरत नाही. 'रिसरेक्शन' त्या बदललेल्या जगात घडतो. तुम्ही पाहिलेल्या ५० भागांतला लेलूश मेला तो मेलाच आहे. दिग्दर्शक गोरो तानिगुचीच आहेत, म्हणजे बाहेरच्या कोणी येऊन खेळ मांडलाय असंही नाही.

निशाचर
ही वकिली झाली. पोस्टरवर लेलूशचा चेहरा छापला, तिकीट त्याच्या नावावर विकलं, आणि विचारलं की म्हणायचं 'हा तो नव्हे'.

गवती_चहा
वकिली म्हणा हवं तर. पण शेवटच्या भागातली ती गवताची गाडी आठवा. त्याची अमर साथीदारीण सी.सी. गवतावर आडवी पडून लेलूशशी बोलते आणि गाडी हाकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तो लेलूशच आहे म्हणून लोक तेव्हापासून नेटवर भांडत होते. गाडीवानाच्या टोपीवर पानंच्या पानं लिहिली गेली. मेलेल्याला उठवायचं काम आधी प्रेक्षकांनीच केलं, स्टुडिओने मागाहून तिकीट लावलं.

बंड्या_नाशिककर
शेवट झाल्यावरही आणखी मिळालं म्हणून रडताय? धागाकर्त्याचं दुःख हे श्रीमंताचं दुःख आहे. आम्ही 'नो गेम नो लाइफ'वाले. २०१४ मध्ये १२ भाग दाखवले, ऐन रंगात आणून सोडून दिलं. २०१७ मध्ये एक सिनेमा आला, तोही आधीच्या काळातला. दुसरा सीझन कुठाय? आमच्या हाडांची राख झाल्यावर येणार बहुतेक.

सायली_कुठेय
बंड्या, 'नाना' पाहणाऱ्यांसमोर हे बोलू नकोस. ४७ भाग, २००७ मध्ये थांबलं. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००९ पासून बंद, लेखिका ऐ याझावा आजारी पडल्यामुळे. म्हणजे पुढची गोष्टच नाही. कॉलेजात पाहिली होती, आता मुलगी शाळेत जाते.

बंड्या_नाशिककर
ताई, साष्टांग. माझी तक्रार मागे.

टोकियोचा_तात्या
टोकियोतल्या निशिकासाईहून नमस्कार. (इथे एवढे भारतीय आहेत की कोथिंबीर फुकट मागावीशी वाटते, पण ते असो.)

'काढावा का' हा प्रश्न आपण लेखकाला विचारल्यासारखा विचारतोय. ठरवतं कोण ते आधी पाहा. इथे बहुतेक ॲनिमे प्रोडक्शन कमिटी काढते. मांगा किंवा कादंबरी छापणारा प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळणीवाले, हल्ली स्ट्रीमिंगवाले, असे पाच-सहा जण पैसे घालतात आणि जो जेवढे घालेल तेवढा त्याचा वाटा. चित्रं काढणारा स्टुडिओ पुष्कळदा नुसता कंत्राटदार असतो. ठरलेली रक्कम घ्यायची आणि मोकळं व्हायचं. मालिका गाजली तरी त्याच्या हाती वेगळं काही पडेलच असं नाही.

बंड्याच्या दुःखाचं मूळही तिथेच आहे. कादंबरीवरचं १२ भागांचं ॲनिमे ही पुष्कळदा पुस्तकाची जाहिरात असते. पुस्तकं खपली की काम झालं. प्रकाशकाने दुसऱ्या सीझनला पैसे का घालावेत? आणि उलट बाजूने, जी मालिका केव्हाच संपली पण जिची नावं आणि चेहरे अजून विकले जातात, ती कमिटीला मेलेली वाटतच नाही. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात 'इचिबान कुजी' नावाची सोडत असते, चिठ्ठी काढायची आणि जे लागेल ते बक्षीस घ्यायचं. बक्षिसांत वीस-तीस वर्षांपूर्वी संपलेल्या मालिकांच्या बाहुल्या असतात. पाचिंको म्हणजे जुगाराची यंत्रं, त्यावर 'एव्हांगेलियन' हे ॲनिमे २००४ मध्ये आलं. मालिका १९९६ ला संपलेली, सिनेमा १९९७ चा. पाचिंकोत खुळखुळणाऱ्या बऱ्याच काकांना त्याचा नायक शिंजी कोण ते मशीनवरच कळलं.

शेवचिवडा
म्हणजे आपल्या संध्याकाळच्या मालिकांसारखंच. टीआरपी आहे तोवर सासू मरत नाही.

टोकियोचा_तात्या
उलटं आहे शेवचिवडा. आपल्याकडे मालिका संपू देत नाहीत. इथे संपवतात, व्यवस्थित रडवतात आणि दहा वर्षांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पडदा वर करतात. कोड गियासची घोषणा अशीच झाली, २०१६ मध्ये, दहा वर्षं झाल्याच्या निमित्ताने.

तिसरी_घंटा
तुम्हा पोरांना हा प्रश्न नवा वाटतोय. जपानात तो १९७८ पासून चघळला जातोय.

'स्पेस बॅटलशिप यामातो' ही मालिका ऑक्टोबर १९७४ मध्ये लागली. बुडालेलं युद्धनौकेचं धूड अंतराळात उडवायचं आणि मरणपंथाला लागलेल्या पृथ्वीसाठी उपाय आणायचा, अशी कल्पना. नेमकी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' लागायची. पोरं हायडी बघत बसली, आणि ३९ भागांचा बेत २६ वर आटोपला. पुनःप्रक्षेपणात मात्र तरुण मंडळी वेडी झाली. १९७७ मध्ये त्याच मालिकेचे तुकडे जोडून सिनेमा लावला तर लोक आदल्या रात्रीपासून रांगेत.

मग ऑगस्ट १९७८ मध्ये दुसरा सिनेमा. नावातच 'फेअरवेल'. त्यात जवळजवळ सगळे मरतात आणि नायक कोदाई, मेलेल्या युकीला शेजारी घेऊन, जहाज शत्रूवर नेऊन घालतो. थिएटरं हुंदक्यांनी भरली. हा शेवटचा निरोप, आता पुन्हा भेट नाही, असा सगळा आविर्भाव.

पुन्हा भेट दोन महिन्यांत झाली! ऑक्टोबर १९७८ मध्ये तीच गोष्ट टीव्हीवर मालिका म्हणून आली, फक्त ह्या खेपेला कोदाई जिवंत, युकी जिवंत, जहाज शाबूत. का, तर पुढचे भाग काढायचे होते. ते निघालेही. १९८३ मध्ये 'फायनल यामातो' आला. त्यात, पहिल्या मालिकेच्या अखेरीस सगळ्या जपानाला रडवून गेलेले कप्तान ओकिता परत कामावर रुजू. कारण काय दिलं असेल? डॉक्टरांचं निदान चुकलं होतं.

आणि जहाज पुन्हा बुडवलं. २००९ मध्ये पुन्हा वर काढलं.

निशाचर
'डॉक्टरांचं निदान चुकलं होतं.' 😂😂 इथेच धागा संपवा.

शेवचिवडा
कप्तानांची एवढ्या वर्षांची पेन्शन परत घेतली का?

गवती_चहा
तिसरी_घंटा, सुंदर प्रतिसाद. पण एक सांगा, १९७८ चं ते सगळं वाईटच होतं का? मी फक्त २०१२ पासूनचं 'यामातो २१९९' पाहिलंय आणि ते मला जबरदस्त वाटलं.

तिसरी_घंटा
२१९९ उत्तमच आहे. पण तो पुढचा भाग नाही, पहिलीच गोष्ट नव्याने सांगितली आहे. लहानपणी मूळ मालिकेवर जीव टाकलेल्यांनी ती केली. सुरुवातीच्या गाण्याची दृश्यं हिदेआकी आन्नोने आखली, हा तोच एव्हांगेलियनवाला. गोष्ट नव्याने सांगणं आणि मेलेल्याला उठवून पुढे चालवणं, ह्यात मी फरक करतो. एकात जुनं आहे तिथेच राहतं. दुसऱ्यात जुन्याचा अर्थ मागे जाऊन बदलतो. ओकिता परत आल्यावर पहिल्या मालिकेतलं, पृथ्वीकडे बघत प्राण सोडणं पुन्हा तसं पाहता येत नाही. मी प्रयत्न केलाय. मला तो डॉक्टरच आठवतो.

आंबट_गोड
+१. फुलमेटल अल्केमिस्टचंही हेच झालं ना, चांगल्या अर्थाने? २००३ च्या मालिकेच्या वेळी मांगा संपला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा शेवट रचला. २००९ मध्ये 'ब्रदरहुड' काढताना त्याला पुढे न जोडता पहिल्यापासून मांगाप्रमाणे केलं. दोन्ही शेवट आपापल्या जागी आहेत, कोणी कोणाचं तोंड दाबत नाही. मला तर २००३ चाच जास्त छळतो अजून.

अगोचर
सगळे सभ्यपणे बोलताय म्हणून मी घाण करतो. बोरुतो, नारुतोची पुढची मालिका.

मूळ नारुतो म्हणजे ७०० प्रकरणांचा मांगा, शिप्पुदेन (दुसरा टप्पा) धरून ७२० भागांचं ॲनिमे. एका अनाथ पोराला कोणी जवळ करत नाही, तो म्हणतो मी होकागे (गावाचा प्रमुख) होईन आणि सगळ्यांना दाखवून देईन. तो होतो. संपलं. आणि पुढे काय दाखवलं? तोच नारुतो घरी यायला वेळ नसलेला बाप! मुलीच्या वाढदिवसाला स्वतः येत नाही, आपली प्रतिकृती पाठवतो, ती मध्येच धूर होऊन नाहीशी होते आणि केक जमिनीवर. ह्याच्यासाठी आम्ही पंधरा वर्षं त्याचं पालुपद 'दात्तेबायो' ओरडलो? पुढे तर त्याच्या अंगातल्या कोल्ह्याला, कुरामालाही मारून टाकला. पोराला मोठं करायचं म्हणून बापाला लहान करत नेलं.

सायली_कुठेय
अगोचर, केकचाच प्रसंग घेऊ. बोरुतोतला तो एकच प्रसंग मला पूर्ण खरा वाटला.

नारुतोला लहानपणी काय हवं होतं? सगळ्या गावाने आपल्याकडे बघावं. मिळालं. आता अख्खं गाव त्याच्याकडे बघतं, सह्यांसाठी, परवानग्यांसाठी, भांडणं मिटवायला. आणि ज्याला स्वतःला बाप कधी मिळाला नाही, त्याला बाप कसं व्हायचं हे कोण शिकवणार? तो मुद्दाम दुर्लक्ष करत नाही, त्याला वाटतं प्रतिकृती पाठवली म्हणजे आपण गेलो. मी ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर मुलीचा वाढदिवस साजरा केलाय, त्यामुळे मला नारुतोचा राग आला नाही, कसंतरीच झालं. हा प्रश्न मूळ मालिकेला पडणं शक्यच नव्हतं, कारण तिथे होकागे होणं म्हणजे बक्षीस होतं. पुढच्या भागाने विचारलं, बक्षीस मिळाल्यावर सोमवारी सकाळी काय?

बाकीच्या बोरुतोची वकिली मी करणार नाही. २९३ भाग आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ शाळेच्या सहली.

अगोचर
केकबद्दल बरोबर असशील. पण त्यासाठी एक सिनेमा पुरला असता की. २०१५ चा होताच. तिथेच थांबायचं.

सायली_कुठेय
हे मात्र शंभर टक्के मान्य.

बंड्या_नाशिककर
इनुयाशाच्या पुढच्या मालिकेबद्दल कोणी काहीच कसं बोललं नाही? 'याशाहिमे', २०२०. सेश्शोमारू आणि रिन ह्यांना जुळ्या मुली. रिन मूळ मालिकेत त्याच्यामागे फिरणारी चिमुरडी होती हो!

आंबट_गोड
बंड्या, तो विषय आम्ही घरात काढत नाही.

पाटीपेन्सिल
थोडं अवांतर. घरातल्या दोन्ही पोरांना डोरेमॉनचं वेड आहे. मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की डोरेमॉनचा खरा शेवट असा आहे, नोबिता कोमात असतो आणि हे सगळं त्याचं स्वप्न. मोठ्याने वाचलं आणि रात्री जेवला नाही. हे खरं आहे का?

टोकियोचा_तात्या
अजिबात नाही. ती जपानातली जुनी वावडी आहे, फिरत फिरत तुमच्या सोसायटीपर्यंत आली. डोरेमॉनला असा सगळं मिटवून टाकणारा शेवट नाहीच. त्याचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, तेव्हाही गोष्ट चालूच होती.

पण शेवट नाही म्हणून काय झालं ते ऐका. एका हौशी चित्रकाराने स्वतःच शेवट रचला. डोरेमॉनची बॅटरी संपते, बदलली तर आठवणी पुसल्या जातील, म्हणून नोबिता जिद्दीने शिकतो, मोठा होऊन यंत्रमानवशास्त्रज्ञ होतो आणि त्याला पुन्हा चालू करतो. ती पुस्तिका हजारोंनी खपली. चित्रशैली इतकी हुबेहूब की लोकांना अस्सलच वाटली. अखेर २००७ मध्ये प्रकाशकाने हरकत घेतली आणि त्याला माफी मागून नफ्यातला वाटा द्यावा लागला. मोठ्याला ही गोष्ट सांगा. खरी नाही, पण जेवेल तरी.

पाटीपेन्सिल
सांगितली. आता विचारतोय बॅटरी कुठल्या कंपनीची. 🤦

शेवचिवडा
म्हणजे धागाकर्त्यासारखे लोक म्हणतात संपलेलं वाढवू नका, आणि दुसरीकडे लोकांना न संपलेलं संपवायची घाई. माणसाला सुख नाही.

गवती_चहा
डोरेमॉनवरून बर्सर्क आठवलं. मे २०२१ मध्ये त्याचे लेखक केंतारो मिउरा अचानक गेले, मांगा अर्धवट. साल भराने तो पुन्हा सुरू झाला. चित्रं त्यांच्या स्टुडिओतली शिष्यमंडळी काढतात आणि गोष्टीवर देखरेख त्यांचा शाळेपासूनचा मित्र कोउजी मोरी ह्यांची. मिउरांनी त्यांना शेवटापर्यंतची कथा एकदा बसून सांगितली होती. मोरींनी जाहीर केलं की त्याने सांगितलं तेवढंच लिहीन, पदरचं घालणार नाही. मला ते वाचताना पहिल्यांदा भीती वाटत होती. चित्रांत फरक कळतो, पानांवरची गर्दी कमी झाली आहे. पण मोरींनी हे केलं नसतं तर नायक गट्स त्या बेटावरच अडकून राहिला असता. मूळ लेखक नाही, तरी मला हे चालतं, आणि मूळ लेखक असूनही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. म्हणजे माझा नियम 'लेखकाने केलं तर ठीक' असा नाही, हे मला इथे लिहिताना लक्षात येतंय.

निशाचर
मग नियम काय?

गवती_चहा
सांगायचं काही शिल्लक होतं का, एवढंच बहुतेक. बर्सर्कमध्ये होतं. यामातोत १९७८ नंतर नव्हतं.

अगोचर
ड्रॅगन बॉलमध्ये काय शिल्लक होतं मग? १९९५ ला मांगा संपला, तोही मुळात लेखक तोरियामांना दमल्यावर मिळालेली सुटका.

आंबट_गोड
थांब, ह्यावर माझं ऐक. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघणाऱ्या पिढीतली आहे मी.

जीटी १९९६ मध्ये लगेच काढलं, तोरियामांचा त्यात हात अगदी थोडा. ते नीरस झालं, ६४ भागांत गुंडाळलं. मग २००९ मध्ये हॉलिवूडने तो अभद्र सिनेमा केला. तोरियामांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय की ती पटकथा पाहून वैतागले, ड्रॅगन बॉल मागे टाकलं होतं त्याच्याकडे पुन्हा वळले. २०१३ चा 'बॅटल ऑफ गॉड्स' त्यातून आला. आणि त्यात काय केलं बघ. नायक गोकू शेवटी हरतो! विश्वाचा नाश करणारा देव झोपाळू मांजर आहे आणि पुडिंगसाठी भांडतो. म्हाताऱ्याने दुनिया पुन्हा हातात घेतली ती गंमत करायला. पहिल्या ड्रॅगन बॉलमध्ये हीच थट्टा होती, झीमध्ये नुसती आरडाओरड उरली होती. मार्च २०२४ मध्ये ते गेले आणि त्यांनीच रचलेलं 'दायमा' त्या ऑक्टोबरात लागलं. त्यातही गोकूला पुन्हा पोरगा केलाय. मी पहिला भाग लावला आणि नीट पाहू शकले नाही, कारण सांगायला नको.

शिल्लक काय होतं म्हणशील तर कथा नव्हती. त्यांचा खट्याळपणा होता.

तिसरी_घंटा
ताई, छान लिहिलंत.

अगोचर
'ड्रॅगन बॉल सुपर'मधलं केसांच्या रंगांचं प्रदर्शन मात्र मी विसरणार नाही. पण प्रतिसाद आवडला.

टोकियोचा_तात्या
पैशाची बाजू मी मांडली होती म्हणून त्याचं दुसरं टोकही सांगतो. आन्नोने २००६ मध्ये स्वतःची 'खारा' ही कंपनी काढली आणि एव्हांगेलियनचे चार सिनेमे कमिटी न नेमता स्वतःच्या पैशांनी केले. २००७ ते २०२१. शेवटचा सिनेमा संपतो उबेच्या रेल्वे स्टेशनवर. उबे हे आन्नोचं गाव, यामागुची प्रांतात. शिंजी मोठा झालाय, माणसासारखा हसतो, जिना चढून स्टेशनाबाहेर धावत सुटतो आणि रेखाटलेल्या चित्राचं खरं शहर होतं. पंचवीस वर्षं लोकांना छळून त्याने सगळ्यांना सांगितलं, आता घरी जा. माझ्या शेजारच्या खुर्चीतला पन्नाशीचा माणूस दिवे लागले तरी उठेना.

१९९७ मध्ये ते शेवट म्हणून संपलं होतंच. पुन्हा काढायची गरज होती का? पाचिंकोवाल्यांना होती, आन्नोलाही होती. दोन गरजा एकाच तिकिटावर आल्या आणि ह्या एका वेळी निर्णय ज्याच्या पैशांचा त्याचा होता.

निशाचर
तात्या, आजवरचा तुमचा सर्वांत लांब आणि सर्वांत बरा प्रतिसाद.

हिरवा_कंदील
मी वाचनमात्र असतो, पण एका मालिकेचं नाव घ्यायला आलोय. 'अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स', २०१८, १३ भाग, दिग्दर्शिका आत्सुको इशिझुका. चार मुली अंटार्क्टिकाला जातात. एकीची आई तिथे हरवलेली. बाराव्या भागात ती मुलगी आईचा लॅपटॉप उघडते आणि तिने स्वतःच आईला रोज पाठवलेले ईमेल एकामागून एक येत राहतात. मूळ मांगा नाही, कादंबरी नाही, पुढचं काही नाही. अजून कोणी दुसरा सीझन काढलेला नाही. कमिटीतल्या कोणाच्या तरी हाताला अक्कल आहे.

बंड्या_नाशिककर
@हिरवा_कंदील, हे इथे लिहून तुम्ही नजर लावलीत.

चिंचोका
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शनिवारी 'रिसरेक्शन' पाहिला.

पहिला अर्धा तास मला आवडला, हे कबूल करायला जड जातंय. लेलूश शरीराने परत आलाय पण मन हरवलेलं. लहान मुलासारखा घाबरतो, सी.सी. त्याला हाताला धरून देशोदेशी फिरवतेय, जेवू घालतेय. ज्याने जगाला बुद्धिबळाच्या पटासारखं खेळवलं त्याला चमचा धरता येत नाही. तेवढ्याचाच वेगळा सिनेमा करायला हवा होता. गवती_चहाचा नियम लावायचा तर इथे सांगायचं शिल्लक होतं, आणि ते लेलूशबद्दल नसून सी.सी.बद्दल होतं. शेकडो वर्षं जगलेली बाई एका माणसाची वाट बघते, ही गोष्ट मालिकेने फक्त सूचित केली होती.

मग त्याचं डोकं ताळ्यावर येतं आणि नेहमीचं सुरू. नवं राज्य, नवा शत्रू, बहीण नानालीचं अपहरण, यंत्रांची हाणामारी. तेही ठीक. पण माझा मूळ राग गेला नाही, फक्त जागा बदलली. मला वाटत होतं मी लेलूशच्या मरणासाठी चिडलोय. पाहिल्यावर कळलं मी सुझाकूसाठी चिडलोय. मालिकेच्या शेवटी खरी शिक्षा त्याला होती. मित्राला मारायचं, स्वतःचं नाव पुसायचं आणि उरलेला जन्म मुखवट्यात काढायचा. आता तो मित्र समोर उभा आहे, धडधाकट, आणि जाताना झीरोपद पुन्हा ह्याच्याच हवाली करून सी.सी.बरोबर निघून जातो. आता नाव एल.एल. म्हणे. मग सुझाकूने भोगलं ते काय होतं? ह्याचं उत्तर सिनेमा देत नाही, त्याला ते विचारावंसंही वाटत नाही.

गवती_चहा
सुझाकूचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. दुसरं जग वगैरे माझी सगळी सफाई इथे लंगडी पडते, कारण त्या जगातल्या सुझाकूनेही तेच भोगलंय.

निशाचर
मी पहिल्याच प्रतिसादात 'नको' म्हटलं होतं, नोंद असावी.

चिंचोका
निशाचर, पण पाहिला नसता तर अर्ध्या तासाची ती सी.सी. मिळाली नसती. मी तो सिनेमा मध्येच, तो शुद्धीवर येतो तिथे, बंद करून ठेवणार आहे. आंबट_गोडची पद्धत, पण कात्री लावून.

आंबट_गोड
कात्री मान्य आहे. २०२४ चं 'रोझे ऑफ द रिकॅप्चर' पाहणार का मग? त्याच बदललेल्या जगात आहे, पात्रं मात्र बहुतेक नवी.

चिंचोका
लेलूश मध्ये मध्ये डोकावणार नसेल तर पाहीन.

टोकियोचा_तात्या
जपानचा होक्काइडो भाग पुन्हा पारतंत्र्यात दाखवलाय हे आधी सांगून ठेवतो. म्हणजे लेलूशने मरून आणि परत येऊन जे मिळवलं, त्यातलं बरंच पाण्यात. त्याचाही राग येणार असेल तर तयारीने बसा.

चिंचोका
तात्या!!!

मोरपीस
नवीन सभासद आहे. शिप्पुदेन नुकतंच संपवलं. वरची चर्चा वाचून बोरुतोबद्दल गोंधळ झालाय. भरताड भाग वगळून कुठून सुरू करावं?

अगोचर
करूच नका.

सायली_कुठेय
मोरपीस, ह्याचं ऐकू नका, ह्याने स्वतः सगळे २९३ पाहिलेत. आधी २०१५ चा सिनेमा पाहा. आवडला तरच पुढे जा. वगळायच्या भागांची यादी तुमच्या विपूत टाकली आहे, बरीच लांब आहे.